आमच्या बंडूला ऊन आणि सावली दोन्ही देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

खरे तर हे पत्र तुमच्या घरी येऊन तुमच्या हातात द्यायला हवे होते. परंतु इंग्लंडमधल्या मराठी घरांतही आता साप पाळणारी मुले आहेत, आणि आमच्या हातून जे झाले ते त्यांच्या घरी होऊ नये, असे मनापासून वाटल्यामुळे ते सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे. तुमचे नाव कुठेही येऊ देऊ नये, ही तुमची अट मात्र पाळली आहे.

गेल्या नोव्हेंबरात माझ्या मुलीचा बंडू, म्हणजे आमचा रॉयल पायथन जातीचा पाळीव साप, सहा आठवडे काही खात नव्हता. तो आमच्याकडे एका स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाकडून आला होता, आणि त्याच्यासोबत लाकडी पेटी, आत तळाशी पसरलेली हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई, व काचेवर चिकटवलेला गोल थर्मामीटर असे सगळे सामानही मिळाले होते. त्या थर्मामीटरचा काटा २८ अंशांवर असे, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. लहानपणापासून ‘साप थंड रक्ताचा प्राणी’ असे ऐकत आल्यामुळे, थोडा गारवा राहिला तरी त्याला चालेल, अशीही माझी समजूत होती.

गणपतीत आरतीनंतर झालेल्या ओळखीवर मी तुम्हाला फोन केला आणि तुम्ही त्याच संध्याकाळी, भर पावसात, लीड्सच्या दुसऱ्या टोकाहून आलात. बंडूला हातात घेण्याआधी तुम्ही पेटीतला लाकडी सालींचा थर हाताने बाजूला केलात आणि खिशातला इन्फ्रारेड थर्मामीटर मॅटवर रोखलात. आकडा आला ४७. पेटीच्या दुसऱ्या टोकाला आला १९. मग तुम्ही बंडूला अलगद उचलून त्याचे पोट आम्हाला दाखवलेत: मधल्या भागात आठ-दहा खवले तपकिरी, कडांना गुलाबी. माझी मुलगी रडू लागली तेव्हा तुम्ही तिला दोष दिला नाहीत. बंडूजवळ बसून तिला सगळे समजावून सांगितलेत.

ते समजावणे मला आजही शब्दन्‌शब्द नसले तरी नीट आठवते. सापाला अंगची ऊब फारशी निर्माण करता येत नाही, ती त्याला बाहेरूनच घ्यावी लागते; म्हणून त्याला एक ठरावीक तापमान देऊन भागत नाही, तर ऊन आणि सावली दोन्ही लागतात, आणि कुठे बसायचे हे त्याला ठरवता यावे लागते. खाल्ल्यावर तो उबेकडे जातो, कारण ऊब नसेल तर पोटातले पचत नाही आणि तो ते बाहेर टाकतो. दीर्घकाळ गारठ्यात राहिला तर श्वसनमार्गाचा संसर्ग होतो, तोंडाशी बुडबुडे येतात, श्वासाला घरघर लागते. आणि सगळी पेटी गार असून एकच जागा तापलेली असेल, तर तो भाजत असतानाही तिथेच पडून राहू शकतो. आमच्याकडे नेमके हेच घडले होते: मॅट थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान ठरावीक मर्यादेत ठेवणाऱ्या यंत्राशिवाय, थेट प्लगला जोडलेली, वरच्या जाड सालींमुळे तिची उष्णता कोंडलेली, आणि बंडू ऊब शोधत त्या सालींच्या खाली शिरलेला.

दुसऱ्याच दिवशी तुमच्या सांगण्यावरून आम्ही त्याला सरीसृपांच्या डॉक्टरांकडे नेले. पुढचे काही आठवडे मलम आणि सालींऐवजी स्वच्छ किचन पेपर, असे चालले. दरम्यान तुम्ही मॅट काढून टाकून वरच्या बाजूला सिरॅमिक हीटर बसवलात, साप त्याला विळखा घालू नये म्हणून त्याच्याभोवती जाळी लावलीत, आणि तो थर्मोस्टॅटला जोडलात. उबदार टोकाला ३२ अंश, गार टोकाला २६, आणि दोन्हीकडे लपायला एकेक जागा, कारण लपण एकाच बाजूला असेल तर घाबरट साप ऊब सोडतो पण आडोसा सोडत नाही. थर्मोस्टॅटचा सेन्सर पक्का बसवण्यासाठी तुम्ही अर्धा तास घालवलात. तो सैल राहिला आणि सापाने गार बाजूला ढकलला किंवा पाण्याच्या भांड्यात पाडला, तर यंत्राला पेटी गारच वाटत राहते आणि हीटर तापतच राहतो, हे आयुष्यभर वायरमनचे काम केलेल्या माणसालाच इतक्या चटकन सुचावे.

फेब्रुवारीत वादळाच्या रात्री वीज गेली तेव्हा तुम्ही फोनवरून सांगितल्याप्रमाणे आम्ही बंडूला उशीच्या अभ्र्यात घालून थर्मोकोलच्या खोक्यात ठेवले, आणि टॉवेलमध्ये गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी त्याच्या अंगाला न लागेल अशी बाजूला ठेवली. वीज येईपर्यंतचे चार तास तुम्हीही जागे होतात, हे मला नंतर काकूंकडून कळले.

हे पत्र महाराष्ट्रातले कुणी वाचत असेल तर त्यांच्यासाठी एवढेच लिहिते की आपल्याकडचे धामण, अजगर, नाग हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. त्यांना घरी ठेवता येत नाही, आणि ते योग्यच आहे. त्यांचे ऊन आणि सावली बाहेर आहे.

तीन वेळा कात टाकल्यावर बंडूच्या पोटावर आता फक्त एक फिकट पट्टा उरला आहे. मार्चमध्ये, कोमट पाण्यात ऊब दिलेला उंदीर मुलीने चिमट्याने पुढे धरला आणि त्याने तो झडप घालून घेतला, तेव्हा सर्वांत आधी तिने तुम्हालाच फोन केला होता. तुम्ही दिलेल्या वहीत ती अजूनही सकाळ-संध्याकाळ दोन्ही टोकांचे तापमान लिहिते. आजची नोंद आहे ३१.५ आणि २५.८.

तुमचा इन्फ्रारेड थर्मामीटर अजून आमच्याकडेच आहे. आम्ही आता स्वतःचा घेतला आहे, तेव्हा रविवारी तुमचा परत द्यायला आम्ही दोघी येऊ. वहीही सोबत आणू. तिला ती तुम्हाला दाखवायची आहे.

आपली कृतज्ञ,
बंडूच्या घरची आई
लीड्स