मानसिक आरोग्याचा सीएसआर: पगार कोण देणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

10 ऑक्टोबरचा जागतिक मानसिक आरोग्य दिन जवळ आला की सगळ्याच दैनिकांत सीएसआरचे, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक जबाबदारी म्हणून करायच्या खर्चाचे, एक ठरावीक छायाचित्र दिसू लागते. कंपनीचे अधिकारी, शेजारी एखाद्या संस्थेचे विश्वस्त, मधोमध पुरुषभर लांबीचा धनादेश आणि खाली 'सामंजस्य करार' असे शब्द. अशा छायाचित्रात मीही एकदा कडेला उभा राहिलो आहे. बँकेतून निवृत्त झाल्यावर स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार असलेल्यांच्या कुटुंबीयांच्या एका स्वमदत गटाचे हिशेब मी पाहतो. त्या धनादेशातून पुढे काय होते, हे मला वहीतून दिसते. म्हणून हे पत्र.

आमच्यासारख्या कामाला यंत्रे लागत नाहीत, जागा भाड्याची चालते. नेहमीच्या बऱ्याच गोळ्या सरकारी रुग्णालयात मिळतात. खरा खर्च असतो माणसांचा. शुभार्थीच्या (आमच्याकडे रुग्णाला हेच म्हणतात) घरी ठरलेल्या वारी जाणारी सामाजिक कार्यकर्ती हवी. झोप कशी आहे, गोळ्या चालू आहेत का, आई थकली आहे का, हे तिने पाहायचे. या आजारात गोळ्या थांबल्या की तो उलटण्याची भीती असते आणि बरेचदा त्या थांबतात बरे वाटू लागल्यावरच. "आता कशाला?" असे घरचेही म्हणू लागतात. ती वेळ ओळखायला तीच कार्यकर्ती वर्षभर त्या घरी गेलेली असावी लागते. दर सहा महिन्यांनी नवा चेहरा दारात आला, तर शुभार्थी आतल्या खोलीतून बाहेरच येत नाही.

एका कंपनीकडे आम्ही नेमके हेच मागितले: दोन कार्यकर्त्यांचा तीन वर्षांचा पगार. उत्तर आले की पगार हा प्रशासकीय खर्च, त्याला 5 टक्क्यांची मर्यादा आहे. त्याऐवजी महाविद्यालयांत व्याख्याने घ्या, एक वॉकेथॉन करा, टी-शर्ट आम्ही छापून देतो. मग अर्जात रकाना होता 'लाभार्थी संख्या' आणि त्याखाली 'प्रति लाभार्थी खर्च'. व्याख्यानाला बसलेला प्रत्येक विद्यार्थी लाभार्थी, मागच्या बाकावर मोबाइल पाहणाराही. या गणितात गृहभेट कधीच परवडणार नाही. एका घरी पन्नास वेळा गेले तरी लाभार्थी एकच.

कायदा मात्र असे म्हणत नाही. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार ठरावीक उलाढाल, नक्त मूल्य किंवा नफा असलेल्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. जानेवारी 2021 मध्ये नियम बदलले, तेव्हा 5 टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या कारभारखर्चावर, हे स्पष्ट झाले. प्रकल्प राबवण्यासाठी थेट होणारा खर्च या कारभारखर्चाच्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळलेला आहे. घरोघरी जाणाऱ्या कार्यकर्तीचा पगार म्हणजेच आमचा प्रकल्प. शाळेच्या प्रकल्पात शिक्षकाच्या पगाराला कोणी 'ओव्हरहेड' म्हणत नाही, मग समुपदेशकाच्याच का?

दुसरी अडचण मार्चची. रक्कम हातात पडते जानेवारी-फेब्रुवारीत आणि 31 मार्चपर्यंत उपयोगिता प्रमाणपत्र मागितले जाते. दोन महिन्यांत पैसे संपवायचे तर मांडव, फ्लेक्स आणि अल्पोपाहार यांच्याइतके सोपे काही नाही. खरे तर याचीही सोय कायद्यात आहे. संचालक मंडळाने काम 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर केले, तर सुरुवातीचे वर्ष सोडून पुढची तीन वर्षे ते चालवता येते. उरलेली रक्कम वर्ष संपल्यापासून 30 दिवसांत वेगळ्या बँक खात्यात ठेवायची, एवढेच. अनेक सीएसआर अधिकाऱ्यांना हे ठाऊकही असते. पण वर्षाअखेरच्या अहवालात छायाचित्र हवे असते.

जनजागृती नको, असे माझे म्हणणे नाही. पण जागृत झालेल्याने जायचे कुठे? बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या आजारांमध्ये 70 ते 92 टक्के लोक उपचारांविना असल्याचे दिसले. (ते सर्वेक्षण 12 राज्यांत झाले, त्यात महाराष्ट्र नव्हता, तेव्हा आपल्याकडे सारे आलबेल आहे असे समजायला वाव आहे!) केंद्र सरकारची 14416 या क्रमांकावरची टेलि-मानस ही फोनवरून समुपदेशनाची सेवा 2022 पासून चालू आहे आणि ती उपयोगी आहे. पण फोन ठेवल्यावर पुढची वाट कोणी तरी सोबत चालावी लागते.

असे काम धीराने पोसलेली उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात टाटा ट्रस्ट्सनी राज्य शासनाला साथ देत 'उडान' प्रकल्प हाती घेतला. मॅरिकोचे हर्ष मारीवाला यांच्या पुढाकाराने 2015 मध्ये सुरू झालेल्या उपक्रमाने टाटा समाजविज्ञान संस्थेच्या (टिस) 'आयकॉल' हेल्पलाइनला आणि 'आत्मीयता'सारख्या कामाला आधार दिला. 'आत्मीयता'ची सुरुवात नाशिक जिल्ह्यातल्या गावांत झाली. गावातल्याच माणसांना ऐकून घ्यायला आणि गरज पडल्यास पुढे पाठवायला शिकवायचे, ही तिची रीत. टी-शर्टवर छापण्यासारखे त्यात फारसे काही नाही.

आता थोडे कंपनीच्या दाराआतले. केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी केलेला खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही आणि ते योग्यच आहे. पण म्हणून बाहेर करार आणि आत रात्री अकराला मेल, हे कसे चालेल? 2024 मध्ये पुण्यात एका मोठ्या लेखा कंपनीत नुकत्याच रुजू झालेल्या तरुणीच्या मृत्यूनंतर तिच्या आईने कामाच्या ताणाबद्दल लिहिलेले पत्र देशभर वाचले गेले. त्यानंतर वर्षभरातच, सप्टेंबर 2025 मध्ये, राज्य मंत्रिमंडळाने आस्थापनांतील कामाचे तास 9 वरून 10 करण्यास मंजुरी दिली. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 च्या कलम 21 नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यायचे आहे. पण बहुतेक सामूहिक मेडिक्लेम रुग्णालयात दाखल झाल्यावरच लागू होतात आणि मानसोपचार तर बहुतांशी बाह्यरुग्ण विभागातच चालतात. करारावर सही करणाऱ्या मनुष्यबळ अधिकाऱ्याने आधी आपल्या कंपनीची पॉलिसी काढून पाहावी. बाह्यरुग्ण उपचारांचा खर्च त्यात घालून घेणे हा विमा कंपनीशी बोलण्याचा विषय आहे, त्याला कुठल्या संस्थेची गरज नाही.

आपल्या वाचकांत सीएसआर समितीवर बसणारे अनेक जण असतील. त्यांना विनंती एवढीच: संस्थेकडून प्रस्ताव मागवताना 'लाभार्थी संख्या' या रकान्याशेजारी 'तेच कर्मचारी किती वर्षे टिकले' असा रकाना ठेवा. आणि यंदाच्या प्रकल्पांची यादी संचालक मंडळापुढे जाईल, तेव्हा मानसिक आरोग्याच्या कामापुढे 'चालू प्रकल्प' हे शब्द लिहून घ्या. तो ठराव आर्थिक वर्ष संपण्याआधीच व्हावा लागतो.

आपला,
एक शुभंकर (शुभार्थीची काळजी घेणारा), नाशिक