कापलेलंच पुन्हा कापा म्हणे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डाव्या विचारांच्या प्राध्यापकाच्या चौकशीवरच्या गो. पु. देशपांडे यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ या नाटकाच्या स्थानिक प्रयोगाचं परीक्षण कालच्या अंकात वाचलं. राजकीय भाषणबाजीला कात्री लावली असती तर नाटक जास्त भिडलं असतं, असा सल्ला आपल्या परीक्षकांनी दिला आहे. सल्ला शिरसावंद्य. फक्त एक अडचण आहे. कात्री आधीच लागली होती. चौकशी समितीचे निम्मे प्रश्न या प्रयोगात नव्हतेच. संहिता जवळ ठेवून बसलेल्या कोणालाही ते पहिल्या वीस मिनिटांत कळलं असतं.

प्रश्न गेले की उत्तरं लोंबकळतात. प्राध्यापक श्रीधर आणि त्याची बायको सरस्वती यांच्या दुराव्यातून पक्षाचं राजकारण काढून टाकलं की मागे उरतो तो एक किरकिरा प्राध्यापक, आणि अशा प्राध्यापकासाठी तिकीट काढायची गरज नाही. कापायचंच असेल तर आधी प्रवेशांमधले अंधार कापावेत. परवा प्रत्येक आठवणीआधी पूर्ण ब्लॅकआउट होता. अंधारात खुर्च्या सरकल्याचा आवाज, मग प्रकाश, मग नटाची पुन्हा जुळवाजुळव. वीस-वीस सेकंदांचे असे दहा अंधार म्हणजे सव्वातीन मिनिटं तर गेलीच, वर चौकशीचा ताण दर वेळी शून्यावर. चौकशी आणि घर, दोन्ही जागा पहिल्यापासून मांडलेल्या हव्यात. दोघांचे दिवे वेगळ्या डिमरवर (प्रकाश हळूहळू कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर) घेतले की पाच-सहा सेकंदांत एक मावळतो, दुसरा उगवतो. ‘पार’ म्हणतात ते रंगमंचावरचे स्वस्त एलईडी दिवे मात्र इथे दगा देतात. हळूहळू उतरत येतात आणि शेवटी टपकन विझतात. या कामाला जुने हॅलोजनच बरे.

आता ती ‘भाषणबाजी’. हरलेला माणूस खालच्या पट्टीत बोलतो. येथील नाट्यगृहांत टांगलेले माइक नटाच्या आवाजाआधी फळ्यांवरची पावलं उचलतात आणि मागच्या रांगांतून ‘आवाज, आवाज’ सुरू होतं. मग नट पट्टी चढवतो आणि कबुलीजबाबाची प्रचारसभा होते. त्यात समितीचं टेबल मागे मधोमध, प्रेक्षकांकडे तोंड करून. म्हणजे उत्तर देताना प्राध्यापकांची पाठ आपल्याला! चेहरा लपला की आवाज वाढणारच. समिती पुढच्या कोपऱ्यात, पाठमोरी बसवली असती तर तेच शब्द निम्म्या आवाजात पोचले असते.

असली नाटकं टीव्हीवरच शोभतात, हेही परीक्षकांचंच मत. टीव्हीला चेहरा जवळून दिसतो हे खरं, पण म्हणून तिथे राजकारण कापतात असं नाही. ब्रिटिश नाटककार डेनिस पॉटर यांनी १९६४ मध्ये मजूर पक्षाकडून निवडणूक लढवली, हरले, आणि १९६५ मध्ये बीबीसीसाठी अशाच एका उमेदवारावर नाटक लिहिलं. त्यात पक्षाचा एजंट थेट कॅमेऱ्याकडे वळून प्रचाराची सगळी लबाडी प्रेक्षकाला सांगतो. धास्तावलेल्या बीबीसीने ते काही महिने अडवून ठेवलं होतं. घरगुती भांडणाला कोणी असं अडवून ठेवत नाही.

राहिला परीक्षकांचा शेवटचा आक्षेप, की असली राजकीय नाटकं ‘आपल्या मातीचा पिंड’ नव्हेत. १९१० मध्ये ब्रिटिश सरकारने ज्या ‘कीचकवधा’वर बंदी घातली त्याचे लेखक खाडिलकर सांगलीचे. गो. पु. देशपांड्यांचं बालपण रहिमतपूरचं, त्यांचा प्राध्यापक रंगमंचावर उभा करणाऱ्या डॉ. लागूंचा जन्म साताऱ्याचा. आणखी कुठली माती हवी?

जाता जाता आणखी एक. परीक्षणासोबत दीपप्रज्वलनाचा तीन कॉलमी फोटो आहे, त्यात प्रमुख पाहुण्यांची नावं डावीकडून उजवीकडे व्यवस्थित दिली आहेत. नेपथ्य आणि प्रकाशयोजना कोणाची, हे मात्र कुठेच नाही. दर ५ नोव्हेंबरला, म्हणजे रंगभूमी दिनी, सांगलीला ‘नाट्यपंढरी’ म्हणून मथळा देणाऱ्या वृत्तपत्राने एवढी एक ओळ छापायला हरकत नसावी. चहाच्या प्रायोजकाचं नाव छापलंच आहे, त्याच्याच खाली जागा होती.

आपला,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली