सर्बियातल्या नोवी सादच्या शेजारच्या आजींना

आदरणीय आजी,
शि. सा. नमस्कार.

पत्र मुद्दाम मराठीत लिहितोय. तुम्ही आमच्यासाठी काय केलंत ते इकडच्या लोकांनाही कळू दे. तुम्हाला माझी लेक फोनवर सर्बियनमध्ये वाचून दाखवेलच.

तिला तिथल्या शाळेत घातलं तेव्हा सिरिलिक अक्षरं तिच्याइतकीच मलाही परकी होती. तुम्ही आम्हा बापलेकीला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलंत आणि तुमचे कवी योव्हान योव्हानोविच झ्माय यांच्या बालकविता पुढे ठेवल्यात. पहिलीच बदकांच्या शाळेची. पिल्लं शाळेत जातात, शिकतात, आणि शेवटी त्यांना येतं काय, तर क्वा-क्वा-क्वा! लेक इतकी हसली की तुमची कॉफी उतू गेली.

मग मी आपला इंटरनेटवर त्यांचं चरित्र वाचून आलो. बायको रूझा १८७२ साली क्षयाने गेली, मुलंही लहानपणीच गेली. स्वतः डॉक्टर, आधी कायदा करून पस्तिशीनंतर पेस्टमध्ये (आजच्या बुडापेस्टमध्ये) मिळवलेली पदवी, पण क्षयाचा जंतू जर्मन शास्त्रज्ञ कॉखने दाखवला तोच मुळी १८८२ मध्ये. मी म्हणालो, "बिचारा." तुम्ही कॉफीचं भांडं खाली आपटलंत. "बिचारा कसला? संपादक होता तो!"

त्या एका वाक्यासाठी खरं तर हे पत्र.

पुढचे कितीतरी रविवार तुम्ही मला कवी कमी आणि संपादक जास्त दाखवलात. १८६२ चं 'यावोर' हे नियतकालिक, मग १८६४ मध्ये पेस्टहून काढलेलं 'झ्माय' हे व्यंगपत्र. त्याच्या नावातली खोच तुम्ही वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलने काढून दाखवलीत. सिरिलिक 'झ' दिसतो तीनच्या आकड्यासारखा, आणि उरलेलं 'माय' म्हणजे मे महिना, त्यामुळे नाव वाचावं तर झ्माय म्हणजे ड्रॅगन, आणि पाहावं तर ३ मे. १८४८ च्या मे महिन्यातच कार्लोव्हत्सीला सर्बांची सभा भरून वोयवोदिना या सर्बांच्या स्वायत्त प्रांताची मागणी झाली होती. ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्याच्या राज्यात राहून पत्राच्या कपाळावरच ती तारीख मिरवायची, म्हणजे काय छाती! पुढे हेच नाव माणसालाच चिकटलं.

१८७८ मध्ये 'स्तारमाली' हे दुसरं व्यंगपत्र, आणि १८८० साली मुलांचं 'नेव्हेन'. स्वतःचं घर रिकामं झाल्यावर परक्यांच्या मुलांसाठी मासिक, यात मला पुन्हा हळवं व्हायला वाव होता. तुम्ही होऊ दिलं नाहीत. ग्रंथालयात नेऊन जुने अंक समोर ठेवलेत: कविता, गोष्टी, कोडी, चित्रं, आणि त्यातलं बरंचसं त्यांनी एकट्याने लिहिलेलं. अंक भरायचा म्हणजे बसून लिहावं लागतं, रडत बसून भागत नाही, हे तुमचं म्हणणं. सगळं मला पटलं नाही. रूझा गेल्यानंतरच्या त्यांच्या कविता वाचताना तुमचाही आवाज बसायचा, हे मी पाहिलंय. पण देशभरच्या मुलांचे ते योवाकाका कसे झाले, ते त्या अंकांमुळेच समजलं.

शास्त्रज्ञ निकोला टेस्लाचं मात्र तुम्ही जरा जास्तच सांगायचात, आजी! १८९२ मध्ये तो बेलग्रेडला आला तेव्हा झ्माय यांनी त्याच्या स्वागताला कविता केली, आणि त्याने १८९४ मध्ये अमेरिकेतल्या 'सेंच्युरी' मासिकात त्यांच्या कविता इंग्रजीत नेल्या, हे मला आता झोपेतही येतं.

डॅन्यूब ओलांडून स्रेम्स्का कामेनित्साला त्यांच्या घरी तुम्ही आम्हाला नेलंत. १९०४ मध्ये तिथेच ते गेले. दुखऱ्या गुडघ्यांनी तुम्ही तो चढ चढलात, आणि परत येताना बसचं तिकीटही काढू दिलं नाहीत.

लेक आता इथल्या शाळेच्या हस्तलिखिताची संपादक झाली आहे. मुलं मजकूर वेळेवर देत नाहीत म्हणून चिडते आणि उरलेली पानं स्वतः भरते. तुमचंच नाव घेते.

मनापासून आभार, आजी. गुडघ्याचं औषध चुकवू नका.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा शेजारी