ढगांच्या वर जाणे पुरेसे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बलूनमधून आकाशात नेलेल्या दुर्बिणीवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. विषय निवडल्याबद्दल आभार. मात्र ढग टाळण्यासाठी दुर्बीण वर नेतात, हे त्यातले कारण अपुरे आहे. तेवढ्यासाठी डिसेंबरातला पन्हाळाही चालला असता.

ही दुर्बीण ज्याचा शोध घेते ते आयनीभूत (म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या) कार्बनचे प्रारण 157.7 मायक्रॉन तरंगलांबीला, वर्णपटातल्या एका रेषेच्या रूपात येते आणि हवेतले बाष्प ते जवळपास पूर्ण शोषून घेते. लडाखमध्ये हान्लेची वेधशाळा 4,500 मीटरवर आहे, तिथूनही ते टिपता येत नाही. सुमारे 30 किलोमीटर उंचीवर मात्र 99 टक्के हवा खाली राहते. कार्बनचा इलेक्ट्रॉन निघायला 11.26 इलेक्ट्रॉन व्होल्ट पुरतात, हायड्रोजनला 13.6 लागतात. त्यामुळे तरुण ताऱ्यांभोवती हायड्रोजन उदासीन असलेल्या भागातही कार्बन आयनीभूत सापडतो. तिथला वायू निवतो तो मुख्यतः याच रेषेतून ऊर्जा बाहेर टाकून.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या (टीआयएफआर) हैदराबाद केंद्रावरून 100 सेंटिमीटर आरशाची दुर्बीण सोडतात. 1999 पासून तिच्यावर जपानी फॅब्री-पेरो वर्णपटमापक (दोन समांतर पृष्ठांमधल्या अंतरानुसार ठरावीक तरंगलांबी निवडणारे उपकरण) बसवून हीच रेषा मोजली गेली. खरी कसोटी पुढे आहे. शून्याखाली 40 अंशांच्या आसपासचा आरसा स्वतःच या तरंगलांबीला उजळतो आणि कार्बनचा संकेत त्यात बुडून जातो. म्हणून मापकातल्या दोन समांतर पृष्ठांमधले अंतर झपाट्याने कमी-जास्त करतात. आरशाची झळ तरंगलांबीगणिक फारशी बदलत नाही, रेषा तेवढी उंचवट्यासारखी वर येते. अंतर 79 मायक्रॉनने, म्हणजे अर्ध्या तरंगलांबीने, बदलले की तीच रेषा पुन्हा दिसते, त्यामुळे यांपैकी कितव्या पुनरावृत्तीवर (क्रमावर) आपण आहोत हे आधी ठाऊक हवे. पृष्ठे किंचित तिरकी झाली तर रेषा पसरते. खोलीच्या तापमानाला नीट जुळवलेली पृष्ठे थंड झाल्यावर आकुंचनाने तिरकी होतात, म्हणून चाचणी थंड अवस्थेतच घ्यावी लागते.

हे प्रारण टिपणारा संवेदक गॅलियम मिसळलेल्या जर्मेनियमच्या स्फटिकाचा. नुसता तो 120 मायक्रॉनपुढे आंधळा असतो, यंत्रात दाबून धरला की त्याची मजल 200 मायक्रॉनपर्यंत जाते. दाब कमी पडला तर 158 ला काही मिळत नाही, जास्त झाला तर स्फटिक तडकतो. थंडाव्यासाठी द्रव हेलियम लागते. 30 किलोमीटरवर दाब इतका कमी असतो, की झडप बाहेर उघडी ठेवली तरी हेलियम 2 केल्विनच्या (शून्याखाली सुमारे 271 अंशांच्या) खाली उकळते. हा फायदा फुकटचा!

वर जातानाचा धोका वेगळा. उष्ण कटिबंधात 16-17 किलोमीटरवर तापमान शून्याखाली 80 अंशांपर्यंत उतरते आणि बलून साध्या पॉलिथिनचा असेल तर तो तिथे ठिसूळ होऊन फाटतो.

उपग्रहांमुळे बलून कालबाह्य झाले, हे लेखातले विधानही पटत नाही. नासाची बलूनवरच्या दुर्बिणीची गस्टो मोहीम 31 डिसेंबर 2023 ला अंटार्क्टिकावरून निघाली आणि 57 दिवस तरंगत राहिली. हैदराबादच्या मापकाला सेकंदाला सुमारे 175 किलोमीटरपेक्षा बारीक, वायूच्या वेगातला फरक ओळखता येत नाही. गस्टोची पद्धत वेगळी असल्याने तिला वायूची हालचालही कळते. शिवाय बलूनवरचे उपकरण खाली येते, दुरुस्त होते, पुन्हा उडते.

अर्थात, धड उतरले तर. जमिनीवर टेकल्यावर पॅराशूट सुटले नाही, तर वारा सांगाडा फरफटत नेतो. हैदराबादहून सोडलेली उपकरणे वाऱ्याबरोबर महाराष्ट्र-कर्नाटकातही उतरू शकतात. शिवारात अशी पेटी दिसली, तर उघडू नये, तारा ओढू नयेत. पेटीवरच्या क्रमांकावर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात कळवावे. एवढी सूचना त्या लेखासोबत चौकटीत छापायला हवी होती.

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर