रोज एकच कविता, मोठ्याने

ती. आई-बाबा,
सा. न.

पार्सल दोन दिवसांत सोलापूरला पोचेल. त्यात कवितासंग्रह आहे. नाती, दुरावा, मुलं लांब जाणं, वय होणं, माणसाला आयुष्यात जे जे वाटतं त्या सगळ्याच्या कविता. बाबा, तुम्ही तो कादंबरीसारखा हातात घ्याल आणि दोन दुपारींत संपवाल, म्हणून हे पत्र आधी वाचा.

रोज एकच कविता वाचायची. फार तर दोन. बारा-सोळा ओळींची कविता सावकाश मोठ्याने वाचायला मिनिट-दीड मिनिट लागतं, तीनदा वाचली तरी पाच मिनिटांत होते. सलग दहा वाचल्या तर पहिल्या तीन पुसून जातात. गेलेल्या माणसाची आठवण आणि लगेच पुढच्या पानावर पहिला पाऊस, एवढ्या घाईने मन वळत नाही. मग ‘सगळ्या सारख्याच वाटल्या’ असं होतं आणि पुस्तक कपाटात जातं.

पहिल्यांदा बाबांनी वाचायचं. आई, तेव्हा तू पुस्तकात बघू नकोस, नुसतं ऐक. दुसऱ्यांदा तू वाच आणि बाबांनी ऐकायचं. तिसरं वाचन ज्याचं त्याने मनात. ही तीन वाचनं होईपर्यंत कुणीही अर्थ सांगायचा नाही. बाबा, हे खास तुमच्यासाठी. अर्थ आधी सांगितला की ऐकणारा कविता ऐकतच नाही, सांगितलेला अर्थ त्यात सापडतोय का ते तपासत बसतो.

लय तुम्हा दोघांच्याही कानात आहे. मनाचे श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत, एका ओळीत बारा अक्षरं, लघु-गुरु-गुरु, म्हणजे आखूड-लांब-लांब, असं चार वेळा. ‘मनासज्, जनाभक्, तिपंथे, चिजावे’ असं तोडून म्हटलंत तर लगेच कळेल. आई, तुझं ‘सुंदर ते ध्यान’ सहा-सहा-सहा-चार अक्षरांचं आहे, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या तुकड्यात, विटेवरी-कटावरी. संग्रहातली छंदातली कविता आली की आधी बोटांवर अक्षरं मोजा, चाल आपोआप सापडेल. पण चालीत वाहून जाऊ नका. प्रत्येक ओळ एकाच ठेक्यात म्हटली की शब्द ऐकू येईनासे होतात, पाढे म्हटल्यासारखं होतं.

बऱ्याच कविता मुक्तछंदात आहेत, म्हणजे ठरलेल्या वृत्ताशिवाय. त्याला बिचकायचं कारण नाही. आपल्या सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात कन्नडमध्ये वचनं लिहिली, तीही वृत्तात बांधलेली नाहीत. मुक्तछंदात सगळी करामत ओळ कुठे तोडली यात असते. आत्ता जुळवलेलं एक उदाहरण देते:

दार उघडंच ठेवलंय
तुझ्यासाठी नाही,
वाऱ्यासाठी.

आता तेच शब्द असे:

दार उघडंच ठेवलंय तुझ्यासाठी
नाही,
वाऱ्यासाठी.

शब्द तेच, क्रमही तोच. पहिल्यात बोलणारा रुसलेला आहे, ठामपणे नाकारतोय. दुसऱ्यात मनातलं तोंडून निसटलं आणि मग त्याने ते घाईने सावरलं. म्हणून ओळ संपली की श्वासभर थांबायचं, पुढच्या ओळीत वाक्य चालू असलं तरी. कडवं संपलं की दोन श्वास. बातमी वाचावी तसं सलग वाचलंत तर ही दोन माणसं एकच वाटतील.

मधे काही गझला आहेत. त्यात दोन-दोन ओळींचा एकेक शेर स्वतंत्र असतो, आधीच्याशी विषय जुळलाच पाहिजे असं नाही. त्यांना बांधून ठेवतो तो काफिया आणि रदीफ, म्हणजे यमक आणि त्यानंतर पुन्हा पुन्हा येणारा शब्द. गोष्ट शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. एका दिवशी एकच शेर घेतला तरी चालेल.

प्रस्तावना शेवटी वाचा. ती आधी वाचली की दुसऱ्याचा चष्मा लागतो. आणि कवितेतला ‘मी’ म्हणजे कवी स्वतःच असं धरू नका. कवी पुरुष असून ‘मी’ सासुरवाशीण असू शकते.

दुःखाच्या कविता टाळू नका, पण झोपायच्या आधी नको. करुण रसाचा स्थायीभाव, म्हणजे मुळाशी असलेली भावना, शोक आहे, तरी वाचताना तो आपल्या एकट्याचा राहत नाही, सगळ्यांचा होतो. त्याला साधारणीकरण म्हणतात. आई, डोळे भरून आले तर बाबांनी लगेच पान उलटायचं नाही. पाणी द्यावं आणि थांबावं. एखादी फारच जिव्हारी लागली तर कोपऱ्यात बारीक फुली मारून पुढे जा, दोन महिन्यांनी परत बघा.

वेळ सकाळच्या चहानंतरची धरा. सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारी पंख्याच्या आवाजात एकमेकांचं ऐकू येत नाही आणि डोळाही लागतो. खुर्ची खिडकीकडे पाठ करून ठेवा, उजेड डाव्या खांद्यावरून पानावर पडला पाहिजे. समोरून आला तर डोळे दिपतात. पुस्तक डोळ्यांपासून 35 ते 40 सेंटिमीटरवर धरायचं. बाबा, तुमच्या चष्म्याचा वाचायचा नंबर काचेच्या खालच्या भागात आहे, म्हणून पुस्तक खाली धरा. वर धरलंत तर हनुवटी उचलावी लागते आणि मान दुखते.

जी आवडेल तिच्याशेजारी पेन्सिलने तारीख घाला. पेनाने नको, शाई मागच्या पानावर उमटते. तीच कविता सहा महिन्यांनी वाचाल तेव्हा दुसरी तारीख पडेल, आणि बहुधा तेव्हा वेगळीच ओळ लागेल.

हा संग्रह पुरवून वाचा. आणखी हवे झाले तर हिराचंद नेमचंद वाचनालयात कवितेची पुस्तकं बघा.

माझ्याकडेही याच पुस्तकाची एक प्रत आहे. रविवारी फोनवर कविता समजावून सांगू नका, नुसता पान नंबर सांगा. मी इकडे ते पान उघडते, मग बाबांनी तिकडून वाचायचं.

तुमची,
लेक