गुरांच्या दवाखान्यात जखमा-मलमपट्टी बघणाऱ्या व्रणोपचारक काकांना, मिरीच्या घरातून

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

परवा तुमच्या निरोपसमारंभाला मी आले होते, शेवटच्या रांगेत बसले होते. कुणाची म्हैस अडली होती, कुणाच्या पाड्याचा पाय मोडला होता, कुणाच्या शेळ्या एका रात्रीत फुगल्या होत्या, सगळे भरभरून बोलले. मांजराचं नाव कुणी काढलं नाही. माझ्याही मनात होतं, पण एवढ्या गाईबैलांच्या मालकांत उठून ‘काकांनी माझं मांजर वाचवलं’ म्हणायला जीभ उचलेना. घरी आल्यावर मात्र रात्रभर चुटपुट लागली. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड, चार लोकांनी वाचावं असं.

२०२० साली आम्ही डोंबिवलीचं बिऱ्हाड आवरून राजापूर तालुक्यातल्या या घरी आलो, तेव्हा मांजरं आम्ही पाळली नव्हती, ती घराबरोबर आली. माळ्यावर भाताची कणगी, कणगीला उंदीर, उंदरांना मिरी. मिरी व्यायली की पिल्लं तोंडात धरून सात घरं फिरवायची आणि सातवं घर हटकून आमच्या तांदळाच्या पिंपामागे निघायचं. बघता बघता सहा झाली. तात्या हा भगवा बोका, मिरी, तिच्या दोन मुली फणशी आणि काजू, शेपूट तुटलेली लांडी आणि बंडू. बंडू पांढरा, काळा, भगवा अशा तीन रंगांचा. तुम्ही पहिल्यांदा पडवीत आलात आणि बंडूकडे बघून हसलात. ‘वहिनी, तीन रंग दिसले की डोळे झाकून मादी म्हणायचं. हजारांत एखादाच बोका तसा निघतो, नि तोही बहुतेक वांझोटा.’ महिन्याभरात बंडूने चार पिल्लं घातली. नाव तेच राहिलं.

इथे सकाळ मांजरांपासूनच सुरू होते. चूल पेटवायला जावं तर राखेत कुणीतरी मुटकुळं करून झोपलेलं असतं, ते आधी उचलायचं. मग तांदळाच्या कण्यांचा भात आणि त्यात पेडव्यांची नाहीतर बांगड्याची डोकी. जून-जुलैत होड्या बंद झाल्या की पंचाईत होते. तेव्हा सुका बांगडा दोन पाण्यांत उकळून, मीठ काढून द्यायचा, हेही तुम्हीच सांगितलंत. त्याआधी मी कौतुकाने वाटी वाटी दूध पाजायची आणि मग दिवसभर पडवी पुसायची. मोठ्या मांजराला दूध पचतंच असं नाही, हे मला पंचेचाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मांजर नि दूध म्हणजे जोडीच, असंच आपण धरून चालतो. दिवेलागणीला मी डोकी मोजते, सहा भरली की दार लावते. बिबट्या मागच्या काजूच्या बागेपर्यंत येतो, त्यामुळे ही मोजणी चुकवून चालत नाही.

गेल्या जुलैत ती पाच भरली.

दोन रात्री मिरी नव्हती. तिसऱ्या पहाटे पावसात परत आली ती सरळ माळ्यावर, कणगीमागे. बॅटरी मारली तर आधी वास आला. मागच्या पायांच्या जरा पुढे, कमरेभोवती तार. रानडुकरासाठी लावलेली फासकी, मोटारसायकलच्या क्लचच्या तारेची. तोडून आली होती, पण फास तसाच अंगावर. दोन्ही बाजूंनी कातडी सुजून तारेवर आली होती आणि मधे पांढरं काहीतरी वळवळत होतं. फासकी कुणी लावली ते गावाला माहीत असतं आणि कुणीच सांगत नाही. त्यावर मी इथे काही लिहीत नाही.

घरात एकदम सगळे डॉक्टर झाले. शेजारच्या काकी म्हणाल्या, फिनेलचा बोळा घाल, किडे पटापट पडतात. आमच्या ह्यांनी तापाच्या गोळीचा पाव तुकडा करून दह्यात कालवलाही. वाटी हातात घेऊन मी शिडीवर चढत होते. एक पाय पायरीवर असताना काय वाटलं कोण जाणे, तुम्हाला फोन लावला.

तुम्ही आधी मांजराची चौकशी केलीच नाहीत. पहिला प्रश्न, ‘काय दिलंत काय तिला?’ मी गोळीचं सांगितलं. तुमचा आवाज चढला, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. ‘ती वाटी आधी खाली ठेवा!’ पॅरासिटामॉल माणसाचं औषध, मांजराला विष. आपलं यकृत ते निकामी करून बाहेर टाकतं, मांजराच्या यकृताला ते जमत नाही. मग रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात. फिनेलचंही तसंच, चाटलं की संपलं. हे तुम्ही नंतर पडवीत बसून समजावलंत. फोनवर एवढंच म्हणालात, ‘वायच थांबा, येतो.’

दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे तेव्हा तीन दवाखान्यांचा कार्यभार होता आणि ते दूरच्या वाडीत लसीकरणाला गेले होते. तुम्ही त्यांना फोनवर सगळं सांगितलंत, त्यांनी सांगितलेलं ऐकून घेतलंत आणि रेनकोट न काढताच माळ्यावर चढलात. मिरीला गोणपाटात गुंडाळली, नुसती कंबर बाहेर. पक्कड तारेखाली जाईना. तुम्ही म्हणालात, ‘चहाचा चमचा आणा, बारीक दांड्याचा.’ तो दांडा कातडी आणि तार यांच्यामधे इतका हळू सरकवलात की मी श्वास धरून होते. त्या चमच्यावर तार टेकवली आणि पकडीने कट्. आवाज केवढासा, पण मिरी गोणपाटात एकदम सैल पडली. मग चिमटा. एकेक किडा काढून तुम्ही वाटीत टाकत होतात, त्याच दह्याच्या वाटीत, मी धुऊन दिलेल्या. पाऊण तास. मधे एकदा तुम्ही तिच्याशी बोललात, ‘झालं गो बाय, झालं.’ माझ्याशी तेवढा वेळ एक शब्द नाही.

शेवटी धुताना तिने मला अंगठ्याच्या बुडाशी कडकडून चावा घेतला. मी म्हटलं, घरचंच मांजर, हळद लावते. तुम्ही मला न्हाणीत उभं करून साबणाने पंधरा मिनिटं हात धुवायला लावलात, घड्याळ बघून. आणि तिथून थेट प्राथमिक आरोग्य केंद्रात. दोन रात्री रानात काढलेलं मांजर, त्याला काय चावलंय कुणी पाहिलंय, रेबीजशी उधारी नाही म्हणालात. पुढच्या डोसांच्या तारखा तुम्ही आमच्या कालनिर्णयावर पेनाने गोल करून ठेवल्यात.

संध्याकाळी डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेले, जखम भरायला महिना लागला. त्या महिन्यात तुम्ही नऊ वेळा आलात. दर वेळी पेट्रोलचे पैसे पुढे केले की तुम्ही ‘चहा टाका’ म्हणायचात.

पण मला सगळ्यात लक्षात राहिलं ते वेगळंच. केसपेपर काढायला दवाखान्यात गेले, तेव्हा रांगेत दोन बैल, एक गाभण गाय आणि मी. मागून कुणीतरी बोललं, ‘मांजराला कसला केसपेपर?’ माणसं हसली. तुम्ही वर न बघता रजिस्टर उघडलंत आणि गाईच्या खालच्या ओळीत लिहिलंत: मांजर, मादी, वय अंदाजे तीन वर्षे. मग पेन थांबवून मला विचारलंत, ‘नाव?’ रकाना नव्हता नावाचा. समासात लिहिलंत, मिरी.

नसबंदीचं तर तुम्ही वर्षभर माझ्या मागे लागला होतात. मांजर दोन महिने गाभण राहतं, पाच महिन्यांची पोर स्वतःच गाभण राहू शकते, हिशेब करा म्हणायचात. मी टाळायचे, पाप वाटायचं. बंडूच्या चार पिल्लांपैकी तीन पावसात गेली, त्यानंतर टाळलं नाही. पाचजणींना आंब्याच्या लाकडी पेट्यांत घालून, सुतळीने बांधून, टेम्पोतून रत्नागिरीला नेलं तो दिवस आठवतो? आदल्या रात्रीपासून उपाशी, त्यामुळे पाचजणी मिळून जो सूर लावत होत्या, तो ऐकून वाटेत पोलिसांनी गाडी थांबवली. पेटीत हापूस नसून बंडू निघाली. परतताना टाके चाटू नयेत म्हणून तुम्ही नातवाची जुनी झबली आणली होतीत. आठवडाभर आमच्या पडवीत पाच मांजरं झबली घालून फिरत होती आणि वाडीतली पोरं शाळा बुडवून बघायला येत होती. तात्याचं काम तुम्ही पुढच्या खेपेला ठेवलंत. ती खेप अजून व्हायची आहे, विसरू नका.

मिरी बरी आहे. कमरेभोवती केस आले नाहीत, करगोटा बांधल्यासारखी रेघ दिसते. उंदीर पूर्वीसारखे धरत नाही, नुसती बघते. परवा जांभ्याच्या गडग्याशी एका फटीकडे टक लावून बसली होती, तेव्हा तुमचं बोलणं आठवून तिला आधी उचलून आत कोंडली आणि मग काठी-बॅटरी घेऊन गेले. फुरसंच होतं, तो विषारी साप.

तुमची पक्कड माझ्याकडेच राहिली आहे. धुऊन, तेल लावून पडवीतल्या खुंटीला टांगली आहे. आता सुट्टीच सुट्टी आहे तुम्हाला. न्यायला याल तेव्हा नारळी पौर्णिमेनंतर या, ताजा बांगडा आलेला असेल. डोकी अर्थात ठरलेल्या मंडळींची.

तुमची,
मिरीच्या घरची वहिनी