ती घेटुळी नव्हेच!

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला पुनर्नवेच्या, म्हणजे आपल्या घेटुळीच्या, मुळावरचा लेख वाचला. मूत्रविकारांवरचे औषध म्हणून घेटुळीची आठवण काढलीत, आनंद आहे. पण सोबत अर्धे पान व्यापणारा रंगीत फोटो घेटुळीचा नाहीच! तो तिच्यासारख्याच दिसणाऱ्या ट्रायन्थेमा या तणाचा आहे. पानाच्या बेचक्यात बिनदेठाचे एकेकटे पांढरे फूल, मांसल पाने, देठाच्या बुडाशी पातळ पापुद्र्याची पिशवी, हे सगळे तुमच्याच फोटोत स्पष्ट दिसते. घेटुळीची बारीक गुलाबी-जांभळी फुले लांब दांड्यांवर झुपक्यांनी येतात आणि फळे चिकट असतात, चालताना कपड्यांना लागतात. 'जोडीतले एक पान मोठे, एक लहान' ही लेखातली खूण कुचकामी, कारण ती दोन्हींत सापडते. ट्रायन्थेमाच्या बिया मात्र मूत्रपिंडाच्या आकाराच्या असतात. बहुधा त्यावरूनच निवड झाली असावी.

हा नुसता वनस्पतिशास्त्राचा कीस नाही. ट्रायन्थेमात ऑक्झलेट भरपूर असते, आणि बहुसंख्य मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचेच. म्हणजे खडा जावा म्हणून फोटो बघून बांधावरचे तण उपटायचे आणि खड्यालाच खुराक द्यायचा! चरकसंहितेत 'वृश्चीर' (टीकाकारांच्या मते पांढरी पुनर्नवा) आणि 'पुनर्नवा' ही नावे शेजारीशेजारी, पण वेगवेगळी दिली आहेत. तेवढी काळजी छापखान्याच्या काळातही घेता यावी. 'चरकांच्या मूत्रविरेचनीय दहा द्रव्यांत (म्हणजे लघवी वाढवणाऱ्या औषधांत) पुनर्नवा अग्रगण्य' हे वाक्यही तसेच चुकीचे. त्या दहांत गोखरू आहे, पाषाणभेद आहे, दर्भ-कुश-काश आहेत, पुनर्नवा नाही. ती स्वेदोपग (घाम आणायला मदत करणाऱ्या) आणि कासहर (खोकला घालवणाऱ्या) गणांत आहे.

आता काढ्याकडे वळू. 'चमचाभर पूड ग्लासात उकळा' म्हणजे काय? पूड वस्त्रगाळ असेल तर तळाला धरते, करपते आणि गाळताही येत नाही. वाळलेल्या मुळाची जाडसर भरड हवी. १० ग्रॅम भरडीला सोळापट, म्हणजे १६० मिलि पाणी, मंद आचेवर, झाकण न ठेवता, आठवा हिस्सा उरेपर्यंत. म्हणजे २० मिलि. तो गाळून त्याच दिवशी संपवायचा. बाटलीत भरून आठवडाभर पुरवायचा नाही. मूळ विकत घेताना तुकडा आडवा मोडून पाहावा. घेटुळीच्या मुळात एकाभोवती एक अशी वलये दिसतात. पुष्कळदा खोड-पाला चिरून 'मूळ' म्हणून खपवतात.

सर्वांत महत्त्वाचे तुम्ही गाळलेत. या मुळात पोटॅशियम नायट्रेट असते. मूत्रपिंड निकामी होत चाललेल्याने किंवा स्पायरोनोलॅक्टोनसारखी, शरीरात पोटॅशियम अडवून ठेवणारी गोळी चालू असलेल्याने हे मूळ आपल्या मनाने घेऊ नये; रक्तातले पोटॅशियम वाढले की हृदयाचे ठोके बिघडतात. लघवीला जळजळ आणि सोबत थंडी-ताप असेल तर काढा उकळत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठून लघवीची तपासणी करावी.

जाता जाता : घेटुळीचे बोअरहाविया हे शास्त्रीय नाव डच वैद्य हर्मन बोअरहावे यांच्यावरून पडले आहे. तुम्ही 'बोरवेलिया' छापलेत. वाचकाला वाटायचे, झाड बोअरवेलपाशी उगवते.

दुरुस्ती छापणार असाल तर तीही रंगीत फोटोसह आणि त्याच पानावर छापा. आतल्या पानावर निविदा सूचनांखाली दोन ओळींत नको.

आपला,
एक वनौषधी अभ्यासक